प्रवासी आणि साक्षीदार
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात, बडोदे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाला प्रवासाचे वावडे कधीच नव्हते. पंढरीची वारी, काशीहून रामेश्वरापर्यंत नेलेली गंगेची कावड, नर्मदेची परिक्रमा या वाटांनी त्याच्या कितीतरी पिढ्या चालत आल्या. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थिरावलेल्या मराठी घरांच्या मुळाशीही कोणा पूर्वजाचा प्रवासच आहे. या जुन्या प्रवासांचे एक वैशिष्ट्य असे, की निघणाऱ्याला आपण कशासाठी निघालो हे ठाऊक असे आणि तेथे पोचल्यावर काय करावयाचे हे परंपरेने ठरवून दिलेले असे. स्नान, दर्शन, दानधर्म, परतीची वाट आणि घरी आल्यावर इष्टमित्रांसह मावंदे, असा तो क्रम होता.

विसाव्या शतकात प्रवासाच्या नकाशावर एका वेगळ्याच जातीची ठिकाणे आली. तुरुंग, छळछावण्या, गोळीबाराची मैदाने. जेथे माणसांनी माणसांना मारले, छळले, अपमानित केले, त्या जागा राखून ठेवण्यात आल्या, त्यांना स्मारकाचे रूप मिळाले आणि सहलीच्या कार्यक्रमात त्यांचा समावेश झाला. सकाळी मंदिर, दुपारी स्मारक, सायंकाळी बाजार असा तो कार्यक्रम असतो. या जागी देव नाही, तीर्थ नाही, पदरी पडेल असे पुण्यही नाही. मग तेथे जाणाऱ्याने काय करावे? छायाचित्र काढावे, डोळे पुसावेत, संतापावे, की मान खाली घालून निघून यावे? वरवर पाहता हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी स्मृतीचा आणि न्यायाचा प्रश्न आहे, आणि ग्रंथालयासारख्या संस्थेशी त्याचा फार निकटचा संबंध आहे.

मराठी प्रवाशाच्या सर्वांत परिचयाचे असे स्थळ म्हणजे अंदमानचा सेल्युलर तुरुंग. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात चाळी होत्या. आज त्यांपैकी तीन उभ्या आहेत. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, उतरलेला मराठी प्रवासी वरच्या मजल्यावरील टोकाच्या कोठडीकडे वळतो. वाट विचारण्याची त्याला फारशी गरज पडत नाही, कारण ती कोठडी त्याने आधीच पाहिलेली असते. ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून तेलाचा कोलू, नारळाचा काथ्या, बारीसाहेबाचा दरारा हे सारे मराठी घरांत वाचले गेले. येथे पुस्तक आधी आणि दगडी भिंत नंतर, असा क्रम आहे. म्हणूनच ती भिंत मराठी प्रवाशाशी बोलते.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच तुरुंगात इंदुभूषण राय याने छळ असह्य होऊन १९१२ मध्ये गळफास घेतला. तेथेच महावीरसिंग हा क्रांतिकारक १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात मरण पावला. पुढे जपानी अमलाखाली हाच तुरुंग पुन्हा भरला. हेरगिरीच्या संशयावरून पकडलेले डॉ. दिवाणसिंग तेथील छळाने १९४४ च्या जानेवारीत गेले, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रीगंज येथे ४४ निरपराध माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. हंफ्रीगंजलाही स्मारक आहे. पण सहलीची गाडी तेथे क्वचितच थांबते, कारण गाडीत बसलेल्यांनी त्याविषयी काही वाचलेले नसते. प्रवाशाला स्मृतिस्थळी तेवढेच दिसते, जेवढे त्याने बरोबर नेलेले असते. ही गोष्ट ध्यानी घेऊन आता अमृतसरकडे वळणे सोयीचे होईल.

सुवर्णमंदिरापासून काही मिनिटे चालत गेले की जालियनवाला बाग लागते. नावात बाग असली, तरी १९१९ साली ती बाग नव्हती. चोहोबाजूंनी घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली ती एक ओबडधोबड मोकळी जागा होती. बाहेर पडण्यास मोजक्याच अरुंद वाटा होत्या. त्या वर्षी ९ एप्रिलला रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदू आणि मुसलमान एकत्र सहभागी झाले होते. दुसऱ्याच दिवशी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू या दोन लोकप्रिय पुढाऱ्यांना सरकारने पकडून शहराबाहेर धाडले. त्यांच्या सुटकेची मागणी करीत निघालेल्या जमावावर पुलाजवळ गोळीबार झाला. पिसाळलेल्या जमावाने मग बँका जाळल्या आणि पाच युरोपियनांचे बळी घेतले. हा भाग सांगण्याचे टाळू नये. जे घडले ते सर्व सांगितल्यानेच पुढील घटनेचे खरे स्वरूप कळते.

१३ एप्रिल हा बैसाखीचा दिवस. सभाबंदीचा हुकूम सकाळी पुकारण्यात आला होता, परंतु तो शहरात सर्वत्र पोचला नव्हता, आणि खेड्यांतून यात्रेला आलेल्यांना तर त्याची गंधवार्ताही नव्हती. सायंकाळी जनरल डायर पन्नास बंदूकधारी शिपाई आणि केवळ कुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे यांच्यासह बागेत शिरला. बरोबरच्या दोन चिलखती मोटारी बोळ अरुंद असल्यामुळे बाहेरच राहिल्या. पांगण्याची सूचना न देता गोळीबार सुरू झाला, तो सुमारे दहा मिनिटे चालला. १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. जेथे गर्दी दाट, तेथे नेम धरला गेला. काहींनी भिंती चढण्याचा प्रयत्न केला, काहींनी विहिरीत उड्या घेतल्या. दारूगोळा सरत आल्यावर शिपाई आले तसे निघून गेले. जखमींना पाणी देण्याचीही व्यवस्था झाली नाही, आणि रात्री आठनंतर संचारबंदी असल्याने शहरातून कोणी येण्याचे धाडस करू शकले नाही.

आज तेथे गेलेल्या प्रवाशाला काय दिसते? गोळ्यांच्या खुणा राखलेल्या भिंती, शहिदांची विहीर, बेंजामिन पोक या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने योजलेला आणि १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेला लालसर दगडाचा स्मारकस्तंभ, हिरवळ, फुलझाडे. भिंतीवरील एखादे छिद्र पाहून मन हेलावते हे खरे, पण छिद्र स्वतः होऊन काही सांगत नाही. गोळी कोणाच्या शरीराला चुकवून तेथे रुतली, आणि त्या आधीची व नंतरची गोळी कोणाला लागली, हे सांगायला माणूस लागतो.

अशी माणसे होती. त्यांतील एक रतनदेवी. तिचे घर बागेजवळच होते. गोळीबाराचा आवाज ऐकून ती धावली आणि प्रेतांच्या राशीत तिला नवऱ्याचे प्रेत सापडले. ते घरी नेण्यासाठी एक खाट मिळावी म्हणून तिने ओळखीच्यांना विनवले. संचारबंदीच्या भीतीने कोणी येईना. मग हाती बांबूची काठी घेऊन, कुत्री हाकलीत, ती सारी रात्र नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून राहिली. जवळच काही माणसे वेदनेने तळमळत होती. बारा वर्षांच्या एका जखमी मुलाने, मला सोडून जाऊ नका, अशी तिला गळ घातली. तिने त्याला थंडी वाजते का, अंगावर काही घालू का, असे विचारले. त्याने पाणी मागितले. पाणी तेथे कोठून मिळणार? ही साक्ष वाचलेला प्रवासी त्या हिरवळीवर उभा राहिला, तर ती हिरवळ त्याला वेगळी दिसल्यावाचून राहणार नाही.

रतनदेवीची साक्ष टिकली, कारण ती कोणी तरी जाऊन ऐकली आणि लिहून घेतली. सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढे डायरने लाहोरला जबानी दिली. आपला हेतू केवळ जमाव पांगविण्याचा नव्हता, तर साऱ्या पंजाबवर जरब बसविण्याचा होता, असे त्याने सांगितले. चिलखती मोटारी आत नेता आल्या असत्या तर मशीनगन चालविल्या असत्या काय, या सर चिमणलाल सेटलवाडांच्या प्रश्नाला त्याने, बहुधा होय, असेच उत्तर दिले. या समितीतील तिघा भारतीय सभासदांनी बहुमताहून वेगळा अहवाल लिहिला. त्यांत मुंबईचे सेटलवाड, पंडित जगतनारायण आणि ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेतील साहेबजादा सुलतान अहमदखान होते.

काँग्रेसने मात्र सरकारी चौकशीवर बहिष्कार घालून आपली स्वतंत्र समिती नेमली. तिच्या अहवालावर चौघांच्या सह्या आहेत: महात्मा गांधी, चित्तरंजन दास, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि अब्बास तय्यबजी. जयकर हे नाव मराठी वाचकाला सांगावयास नको. चौथे नाव मात्र या शहराशी जोडलेले असूनही येथे फारसे उच्चारले जात नाही. अब्बास तय्यबजी हे बडोदा संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींचे ते पुतणे. शिक्षणाची अकरा वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये घालविली होती. राहणी साहेबी, वृत्ती राजनिष्ठ आणि इंग्रजी न्यायबुद्धीवर विश्वास गाढ. पासष्टीच्या वयात हे गृहस्थ पंजाबात गेले.

तेथे त्यांनी काय केले, हे आजच्या प्रवाशाने मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यांनी ऐकले. समितीने १,७०० हून अधिक साक्षीदारांची निवेदने तपासली आणि त्यांतील सुमारे ६५० अहवालाबरोबर छापली. एकही विधान जाणूनबुजून फुगवलेले नसावे, असा गांधीजींचा कटाक्ष होता. शंकास्पद वाटलेल्या गोष्टी गाळण्यात आल्या. न्यायासनावर आयुष्य घालवलेल्या माणसाला साक्षीचे मोल कोणी शिकवावयास नको होते. परंतु पूर्वी त्यांच्यापुढे येणारे साक्षीदार दोन पक्षकारांच्या भांडणाचे असत. येथे साऱ्या शहराची साक्ष होती, आणि आरोपीच्या जागी तेच राज्य होते ज्याच्या न्यायावर त्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला होता. १९२० च्या मार्चमध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तय्यबजी परतले ते वेगळे होऊन. परदेशी कापड गेले, खादी आली. पहिल्या वर्गाचा डबा सुटला, तिसऱ्या वर्गाचा आला. १९३० च्या मेमध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करण्यासाठी जो निघाला आणि वाटेतच पकडला गेला, तो हा ७६ वर्षांचा माजी न्यायमूर्ती होता.

पंजाबचा प्रवास लाखोंनी केला आहे. अशा प्रवासाने माणूस कसा बदलू शकतो, याचे इतके लख्ख उदाहरण मिळणे कठीण. तय्यबजींनी पाहिलेल्या भिंती आजच्या प्रवाशाने पाहिलेल्या भिंतींहून फार निराळ्या नव्हत्या. फरक पाहण्यात नव्हता, तो ऐकण्यात होता.

साक्ष ऐकलेल्या माणसाला स्मारकाबाहेरच्या जागाही दिसू लागतात. अमृतसरमध्ये कूचा कौडियाँवाला नावाची एक गल्ली आहे. १० एप्रिलच्या दंगलीत मिस शेरवूड या मिशनरी शिक्षिकेवर तेथे प्राणघातक हल्ला झाला होता, आणि तेथल्याच भारतीय रहिवाशांनी तिला आसरा देऊन वाचवले होते. १९ एप्रिलला डायरने हुकूम काढला, की या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने पोटावर सरपटत जावे. घरांना मागची दारे बहुतेक नव्हतीच. ज्यांनी त्या बाईला वाचवले, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर दूध, औषध, पाणी आणण्यासाठी दीडशे यार्ड मातीत सरपटण्याची पाळी आली. काही दिवसांनी हुकूम मागे घेण्यात आला. तेथे कोणी मेले नाही, म्हणून बागेसारखे स्मारकही उभे राहिले नाही. परंतु माणसाचे माणूसपण हिरावून घेण्याची जी वृत्ती बागेत बंदुकीतून प्रकटली, तीच त्या गल्लीत बंदुकीवाचून प्रकटली. सहलीच्या कार्यक्रमात ही गल्ली नसते. खरे तर प्रत्येक जुन्या शहराच्या पोटात अशा एकदोन गल्ल्या असतात, जेथे फलक लागत नाहीत आणि ज्यांची आठवण शेजारी हळू आवाजात काढतात. दूरच्या स्मृतिस्थळी हळहळणे सोपे असते. घरापासून हाकेच्या अंतरावरील जागेविषयी विचारणे अवघड असते.

या बागेला मोठमोठे प्रवासीही भेट देऊन गेले, आणि त्यांच्या भेटींतूनही काही शिकता येते. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी राणी एलिझाबेथ येथे आल्या, त्यांनी पादत्राणे काढून पुष्पचक्र वाहिले आणि क्षणभर स्तब्ध उभ्या राहिल्या. त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांची नजर तेथील फलकावरच्या दोन हजार या आकड्यावर पडली. हा आकडा वाढवून सांगितला आहे, त्यात बहुधा जखमीही धरले असावेत, असा शेरा त्यांनी मारला. डायरचा मुलगा आरमारात आपल्याबरोबर होता, त्याच्याकडून हे कळले, असेही ते म्हणाले. भारतात यावर मोठा संताप उसळला. आता नीट पाहिले, तर सरकारी गणनेप्रमाणे मृतांची संख्या ३७९ आहे, आणि त्यांत सहा आठवड्यांचे एक अर्भकही आहे. काँग्रेस समितीने ती सुमारे एक हजार मानली. म्हणजे दोन हजार मृत हा आकडा समितीचाही नव्हता. प्रिन्स फिलिप यांची चूक निराळी होती. जेथे साडेसहाशे साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध होत्या, तेथे त्यांनी एकच साक्ष पुरेशी मानली, आणि तीही गोळी झाडण्याचा हुकूम देणाऱ्याच्या मुलाची. पण फलकावर नेमका आकडा असता, तर या शेऱ्याला जागाच उरली नसती, हेही मान्य करावे लागते. मृतांची संख्या वाढवून सांगितल्याने त्यांचा सन्मान वाढत नाही; उलट खऱ्या संख्येवरही संशय घेण्यास वाव मिळतो. गांधीजींनी अहवालात अतिशयोक्ती का टाळली, याचे मर्म येथे कळते.

पुढे २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी अभिप्रायवहीत ही घटना लज्जास्पद असल्याचे लिहिले, परंतु औपचारिक क्षमायाचना केली नाही. शताब्दीच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला. त्याच वर्षी सप्टेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्या जमिनीवर साष्टांग लोटांगण घातले. राज्याच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. शब्द, मौन आणि देह अशा तीन रीतींनी तीन प्रवासी व्यक्त झाले. त्यांतील कोणती रीत पुरेशी, याचा निवाडा करणे सोपे नाही.

आता एक अलीकडची गोष्ट. २८ ऑगस्ट २०२१ रोजी नूतनीकरणानंतर बाग पुन्हा लोकांसाठी खुली झाली. पडझड झालेल्या भागांची दुरुस्ती झाली, नवी दालने उघडली, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू झाला. ज्या बोळातून डायरचे शिपाई आत शिरले, त्याच्या साध्या भिंतींवर त्या दिवशी बागेत आलेल्या हसऱ्या, उत्सुक स्त्री-पुरुषांच्या मूर्ती बसविण्यात आल्या. विहिरीभोवती काचेचे आवरण आले. अनेक इतिहासकारांनी आणि शहिदांच्या वंशजांपैकी काहींनी याला हरकत घेतली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की काहीच माहिती नसलेल्या तरुण प्रवाशाला यामुळे घटना समजण्यास मदत होते.

दोन्ही बाजूंचा हेतू चांगला मानला, तरी एक गोष्ट विसरता येत नाही. तो बोळ हा स्वतःच एक साक्षीदार होता. त्याच्या अरुंदपणामुळे मशीनगन बाहेर राहिल्या, आणि त्याच अरुंदपणामुळे माणसे आत अडकली. पूर्वीचा प्रवासी दोन उघड्या भिंतींमधून चालताना हे सत्य आपल्या खांद्यांनी जाणत असे. आता त्याचे लक्ष मूर्तींकडे जाते आणि पाऊल छायाचित्रासाठी थांबते. जागा जपली पाहिजे, तिची दुरुस्ती झाली पाहिजे, पण साक्षीदाराला सजवू नये. न्यायालयात साक्षीदाराला कोणी शालू नेसवून उभे करीत नाही.

ही अडचण केवळ अमृतसरची नाही. पोलंडमधील औशविट्झच्या छळछावणीत सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. त्यांत दहा लाखांच्या आसपास ज्यू होते. त्या नरकातून वाचलेल्यांच्याच प्रयत्नाने १९४७ मध्ये तेथे संग्रहालय स्थापन झाले. मृतांच्या जोड्यांचे ढीग, मालकाचे नाव लिहिलेल्या पेट्या, कापून घेतलेले केस तेथे जपले आहेत. केसांच्या दालनात छायाचित्र घेण्यास मनाई आहे. तरीही २०१९ मध्ये संग्रहालयाला प्रवाशांना विनंती करावी लागली, की ज्या रुळांवरून माणसे मृत्यूकडे आणली गेली, त्यांवर तोल सांभाळीत चालण्याची छायाचित्रे काढू नका. असे करणारे सारेच प्रवासी दुष्ट नसावेत. त्यांच्यापर्यंत साक्ष पोचली नव्हती, एवढेच. ज्याने एका पेटीवरचे एक नाव थांबून वाचले, त्याला रुळावर तोल सांभाळण्याचा खेळ सुचणार नाही.

श्रोतेहो, प्रारंभी तीर्थयात्रेच्या क्रमाचा उल्लेख झाला. या नव्या, पुण्य नसलेल्या यात्रेचाही एक क्रम सुचविता येईल. निघण्यापूर्वी त्या जागेविषयी वाचावे. मार्गदर्शकाची पंधरा मिनिटांची माहिती त्याला पर्याय नाही. तेथे मृतांच्या संख्येबरोबर निदान एका माणसाची हकिगत मनात ठेवून उभे राहावे. फलकावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि काय लिहिलेले नाही तेही विचारावे. कोणत्या जातीधर्माच्या माणसांनी मारले आणि कोणी वाचवले, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, कारण एकच सांगितली की स्मृतीचे सूडात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

आणि मावंदे? काशीहून आलेला यात्रेकरू गंगेचे पाणी सर्वांना वाटतो, एकटा पीत नाही. या प्रवाशाचे मावंदे म्हणजे जे कळले ते घरात, शाळेत, मित्रमंडळीत सांगणे, आणि सांगताना त्यात काही भर न घालणे वा त्यातून काही न वगळणे.

येथे ग्रंथालयाचे काम सुरू होते. भिंती रंगविल्या जातात, बोळ बदलतात, विहिरीवर काच येते; अखेरचा प्रत्यक्षदर्शीही एके दिवशी जातो. कपाटात राहिलेली साक्ष मात्र वाचक येईपर्यंत थांबू शकते. रतनदेवी एक रात्र कोणी तरी खाट घेऊन येईल म्हणून वाट पाहत बसली होती. त्या रात्री कोणी आले नाही. तिची हकिगत वाचणारा शंभर वर्षांनंतर का होईना येऊ शकतो, आणि त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे ग्रंथालयाच्या हाती आहे. या शहराच्या आठवणीतल्या, अद्याप कोणी लिहून न घेतलेल्या साक्षींसाठीही एक कपाट राखून ठेवता आले, तर अब्बास तय्यबजींच्या बडोद्याला ते शोभून दिसेल. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाला अनेक शुभेच्छा.